फुली मारली तरी पायथनचा प्रोग्राम मरत नाही तेव्हा

मामाच्या दुकानासाठी टीकेइंटरमध्ये (पायथनमध्ये विंडो बनवायची लायब्ररी) स्टॉकचा छोटा प्रोग्राम करून दिला होता. आठवड्याभरात मामाचा फोन, "अरे हे डेटाबेस लॉक्ड लॉक्ड म्हणतंय, काय करू?" जाऊन टास्क मॅनेजर उघडला तर पायथनडब्ल्यूच्या नऊ प्रोसेस! मामा रोज फुली (विंडोच्या कोपऱ्यातलं X) दाबून शटर ओढायचा, पीसी स्लीपवर, विंडो गायब पण प्रोग्राम आत जिवंतच, आणि पायथनडब्ल्यूला काळी कन्सोल विंडो नसते त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. त्यातल्या एकीने कमिट न करता (बदल पक्के न करता) एसक्यूलाइटची, म्हणजे डेटाबेसची, फाइल धरून ठेवलेली.

चुका दोन होत्या, दोन्ही माझ्याच. पहिली म्हणजे मी लॉगिनची विंडो रूट (टीकेइंटरची मूळ विंडो) केली होती आणि पासवर्ड बरोबर आला की तिला विथड्रॉ करून (लपवून) टॉपलेव्हलमध्ये (रूटशिवायची वेगळी विंडो) मेन स्क्रीन दाखवत होतो. आता फुलीने टॉपलेव्हल मरते, लपवलेली रूट तशीच बसते आणि मेनलूप (विंडो चालू ठेवणारा फेरा) चालूच राहतो. उलटं करा, मेन स्क्रीन रूट ठेवा आणि लॉगिन टॉपलेव्हलमध्ये. कोड एवढा हलवायचा नसेल तर टॉपलेव्हलच्या फुलीला रूटचं डिस्ट्रॉय (विंडो मारून टाकणारं फंक्शन) जोडा, तेवढ्याने भागतं.

दुसरी चूक थ्रेडची, म्हणजे प्रोग्रामच्या आत बाजूला चालणाऱ्या कामाची. बॅकअपसाठी एक थ्रेड होता, व्हाइल ट्रू आणि आत स्लीप 60. साधा थ्रेड चालू असेपर्यंत पायथन बंद होत नाही. बरेच जण सांगतात डीमन ट्रू कर (मग पायथन त्या थ्रेडसाठी थांबत नाही), विषय संपला, पण डीमन थ्रेड मधेच तोडला जातो, फाइल अर्धी लिहिलेली असली तरी. मी थ्रेडिंगचा इव्हेंट (थ्रेडला इशारा देणारा झेंडा) वापरतो, स्लीपच्या जागी इव्हेंटचं वेट 60, म्हणजे बंद करताना सेट केलं की थ्रेड मिनिटभर न थांबता लगेच जागा होतो, आपलं डेटाबेस कनेक्शन आपणच बंद करतो आणि बाहेर पडतो.

आता फुलीचं. रूटच्या प्रोटोकॉलमध्ये डब्ल्यूएम_डिलीट_विंडो या नावाला आपलं फंक्शन जोडायचं. त्यात आधी सेव्ह करायचं का ते विचारा, आस्क-येस-नो-कॅन्सल वापरलं तर कॅन्सलला फॉल्स नाही नन येतं हे लक्षात ठेवा, नाहीतर कॅन्सल दाबणाऱ्याचं काम सेव्ह न होताच उडतं (मामा एक दिवस बोलला नाही माझ्याशी). मग इव्हेंट सेट, आफ्टरने लावलेले टायमर आफ्टर_कॅन्सलने रद्द, दर वेळी आफ्टर नवा आयडी देतो म्हणून शेवटचा जपून ठेवायचा, नाहीतर कन्सोलवर इनव्हॅलिड कमांड नेमची बोंब. थ्रेडसाठी इथेच जॉइन (तो संपेपर्यंत थांबणं) लावू नका, तो थ्रेड एखाद्या लेबलला हात लावायला गेला की दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात. दर 100 मिलिसेकंदांनी थ्रेड जिवंत आहे का ते आफ्टरनेच तपासा, संपला की डिस्ट्रॉय.

डिस्ट्रॉयच, क्विट नव्हे. क्विटने फक्त मेनलूप सुटतो, विंडो तशीच राहते. सिसचं एक्झिट थ्रेडच्या आत मारलं तर तो थ्रेडच संपतो, प्रोग्राम नाही. आणि ओएसचं अंडरस्कोर एक्झिट म्हणजे थेट मेन स्विच पाडणं, फायनली वगैरे काही चालत नाही, मी तरी त्याच्या वाटेला जात नाही.

पायक्यूटीवाल्यांनी (टीकेइंटरऐवजी ती लायब्ररी वापरणाऱ्यांनी) क्लोज इव्हेंट ओव्हरराइड करायचा, थांबवायचं तर इग्नोर, जाऊ द्यायचं तर अ‍ॅक्सेप्ट, आणि क्यूथ्रेड (पायक्यूटीचा थ्रेड) संपेपर्यंत वेट, नाहीतर जाता जाता क्रॅश.

तपासायचं कसं, तर पायथनडब्ल्यू नको, टर्मिनलमधून साध्या पायथनने चालवा आणि मेनलूपच्या खालच्या ओळीत थ्रेडिंगचं एन्यूमरेट (चालू थ्रेडची यादी) प्रिंट करा. फुली मारल्यावर ती ओळ छापलीच नाही तर कुठेतरी लपलेली विंडो आहे, छापली आणि यादीत मेनथ्रेडशिवाय डीमन नसलेलं अजून कुणी दिसलं तर तोच अडवून बसलाय, पायथन 3.10 पासून त्या नावापुढे फंक्शनचं नावही दिसतं त्यामुळे शोधत बसावं लागत नाही.