इकॉनॉमिक्स नवीन घेतलंय? गोव्यातल्या मुलांसाठी थोडं अनुभवाचं

हायर सेकंडरीला कॉमर्स किंवा कॉलेजात पहिल्या वर्षाला इकॉनॉमिक्स घेतलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम यात पाठांतर किती? मी याच विषयात शिकून आता डिचोलीत ट्यूशन घेते आणि माझं उत्तर असं की पाठांतर आहे, पण थोडं, आणि ते शेवटी करायचं. आधी एक सवय लावून घ्या. मजुरी असो, धंदा असो, बाजार असो नाहीतर दोन देशांतला व्यापार, "नको, मी दुसरीकडे जातो" असं यात कोण म्हणू शकतो आणि कोण नाही, हे आधी बघायचं. बराचसा सिलॅबस तिथेच सुटतो.

मार्केट स्ट्रक्चरचं बघा. पुस्तकात परफेक्ट कॉम्पिटिशन (विकणारे पुष्कळ, माल सारखाच), मोनोपोली (विकणारा एकच), ऑलिगोपोली (विकणारे मोजकेच) वगैरे चार कप्पे असतात आणि मुलं लगेच विक्रेते मोजायला बसतात. नुसते मोजून भागत नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या घेऊन बायका ओळीने बसलेल्या असतात, पहिलीने सांगितलेला भाव चौथीकडे विचारा, जवळपास तोच निघतो, कारण गिऱ्हाईक दोन पावलं पुढे सरकलं की विषय संपला. हे परफेक्ट कॉम्पिटिशनच्या जवळचं. त्याच बाजारात सीझनच्या सुरुवातीला मानकुराद आंबा विचारा, डझनाचा भाव ऐकून घाम फुटतो, आणि विकणारी वर ऐकवते की आमच्या भाटातला (बागेतला) आहे, तसला तुम्हाला दुसरीकडे मिळायचा नाही. हीच ती मोनोपोलिस्टिक कॉम्पिटिशन, विकणारे पुष्कळ पण प्रत्येकाचा माल जरा वेगळा. आणि टॅक्सी? गोव्यात टॅक्सीवाले ढीगभर, तरी भाड्याची घासाघीस फारशी चालत नाही, कारण हॉटेलच्या दारात कोणी उभं राहायचं हे आधीच ठरलेलं असतं. ओला-उबर इथे नाहीत, २०१८ ला गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं तर त्यावरून किती वर्षं वाद चालला ते घरात कुणालाही विचारा. बॅरियर टू एंट्री, म्हणजे धंद्यात नव्याने शिरायला असलेला अडथळा, यावर पाच मार्कांचा प्रश्न आला तर हेच लिहा, पुस्तकातल्या रेल्वेच्या उदाहरणापेक्षा बरं.

लेबरच्या चॅप्टरला मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि तेही आमच्या खाण पट्ट्यावरून. मजुराला मागणी स्वतःहून नसते, तो जे बनवतो किंवा वाहतो त्या मालाला असते, म्हणून तिला डिराइव्हड डिमांड म्हणतात. गोव्याचं लोहखनिज बरंचसं कमी प्रतीचं, देशातल्या कारखान्यांना ते फारसं नको असायचं, म्हणून आधी जपान आणि मग मुख्यतः चीन. म्हणजे चीनमध्ये इमारती-पूल उभे राहणार म्हणून स्टील, स्टीलसाठी खनिज, खनिजासाठी डिचोलीच्या रस्त्यावर ट्रक, ट्रकवर ड्रायव्हर आणि क्लीनर, आणि त्यांच्यासाठी नाक्यावरचा भाजीपाववाला. ही साखळी वहीत एकदा स्वतःच्या हाताने काढा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा ठप्प, तेव्हा साखळीचं शेवटचं टोक म्हणजे तो भाजीपाववाला सुद्धा बसला. खाणीपासून जेटीपर्यंतचा माल देणाऱ्या कंपन्या मोजक्या, ट्रक हजारो, हे मोनोप्सनीच्या (काम किंवा माल घेणारा एकच, देणारे पुष्कळ) जवळ जातं. पण ट्रकवाले गप्प नव्हते बरं का, संघटना करून दर मागायचे आणि बाहेरच्या तालुक्यातले ट्रक येऊ द्यायचे नाहीत. दोन्ही बाजू एकमेकांचे पर्याय कापत होत्या.

धंद्याचे प्रकार याच उदाहरणात बसवा. ट्रकवाला म्हणजे सोल प्रोप्रायटर, धंद्याचा एकटा मालक, कर्ज त्याच्या नावावर, त्याची जबाबदारी अमर्याद, हप्ता थकला की घरावर येतं. कंपनीच्या शेअरहोल्डरचं नुकसान मात्र त्याने घातलेल्या पैशापुरतं. म्हणून तर खाणी बंद झाल्यावर सरकारला ट्रकवाल्यांसारख्यांच्या कर्जाचा बोजा हलका करायची योजना आणावी लागली. पार्टनरशिपचा कायदा १९३२ चा, एलएलपीचा (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) २००८ चा, एका माणसाची कंपनी २०१३ च्या कायद्याने, एवढं पाठ करा आणि पुढे चला.

"गोव्यात नोकऱ्या नाहीत" आणि "गोव्यात कामाला माणूस मिळत नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकू येतात आणि दोन्ही खरी आहेत. शिकलेला मुलगा सरकारी नोकरीची वाट बघत थांबू शकतो कारण घरात कुणीतरी तारवटी (जहाजावर कामाला) आहे किंवा आखातात आहे, आणि बांधकामावर ओडिशा-झारखंडहून आलेल्याला थांबणं परवडत नाही. आळशीपणाचं लेक्चर नको, किती मजुरीखाली माणूस काम घेणार नाही ते बघा, त्यालाच रिझर्व्हेशन वेज म्हणतात.

आता व्यापार. डेव्हिड रिकार्डो या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाचं १८१७ चं उदाहरण बघून मला हसू येतं, कारण त्यात पोर्तुगालच आहे! तेवढ्याच मालाला पोर्तुगालला वाइनसाठी वर्षभर ८० माणसं लागतात आणि कापडासाठी ९०, इंग्लंडला वाइनसाठी १२० आणि कापडासाठी १००. मुलं इथे ८० आणि १२० ची तुलना करून मोकळी होतात, म्हणतात पोर्तुगालच सगळं करणार. तसं नाही. एकाच देशातले दोन आकडे बघा. पोर्तुगालला कापड बनवणं वाइनपेक्षा महाग पडतं, इंग्लंडला वाइन कापडापेक्षा महाग. एकास एक अदलाबदल केली तर पोर्तुगालला कापड ८० माणसांत मिळतं, इंग्लंडला वाइन १०० माणसांत, दोघांचंही भलं. हे गणित न बघता दोनदा करा.

पण देशाचं भलं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं नव्हे, आणि हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. आमच्याकडच्या काजू कारखान्यांना स्थानिक बी पुरत नाही म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी येते. कारखान्याला स्वस्त, तिथे काम करणाऱ्या बायकांना वर्षभर हाताला काम, आणि सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार म्हणतो आमचा भाव पडला. माझ्या एका बॅचला या दोन्ही घरांतल्या मुली शेजारी बसायच्या, आयातीवरचा कर वाढवावा का या प्रश्नावर तासभर भांडल्या, आणि दोघींनीही सप्लायची आकृती बरोबर काढली. तुम्हीही काढा, एक बागायतदाराच्या बाजूने आणि एक कारखान्याच्या, आणि अक्षांना नावं द्या, नाहीतर हमखास मार्क कापतात.