प्रबंधातल्या प्रकरणाचा शोधनिबंध करताना

पीएचडीनंतर विद्यापीठात रुजू झालेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे सहसा 3-4 प्रकरणांचा प्रबंध तयार असतो. त्यातलं सगळ्यात भक्कम प्रकरण आधी हातात घ्या. सगळी एकदम काढलीत तर एकही तडीला जात नाही.

पहिलं काम कात्रीचं. आपण सगळं वाचलंय हे प्रबंधात परीक्षकांना दाखवावं लागतं. जर्नलच्या संपादकाला फक्त नवीन काय ते हवं असतं. म्हणून 20 पानांचा साहित्य-आढावा दीड-दोन पानांवर आणून प्रस्तावनेतच मुरवा. पहिल्या पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पद्धत आणि उत्तर. उत्तर आकड्यात हवं: 'लक्षणीय परिणाम' नको, मजुरी किती टक्क्यांनी बदलली ते लिहा. समीक्षकांपर्यंत न पोचता परत येणारे निबंध बऱ्याचदा या दोन पानांतच अडकलेले असतात. गोषवारा 100 शब्दांत बसवा. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या जर्नलची मर्यादा तेवढीच आहे.

मग आकडेमोड तपासा. धोरण जिल्हावार लागू झालं आणि माहिती व्यक्तींची असेल, तर स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) जिल्ह्यानुसार क्लस्टर करा, म्हणजे एका जिल्ह्यातली माणसं एक गट धरून ती मोजा. नाहीतर एकाच जिल्ह्यातली माणसं स्वतंत्र निरीक्षणं म्हणून मोजली जातात, एरर फसवी लहान येते आणि नसलेला परिणाम दिसू लागतो. क्लस्टर 10-15 च असतील तर हीसुद्धा दुरुस्ती पुरत नाही. वाइल्ड बूटस्ट्रॅप वापरा, म्हणजे डेटावरून कृत्रिम नमुने पुन्हा पुन्हा बनवून अनिश्चितता मोजायची पद्धत.

मूळ डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला हात लावू नका. साफसफाई, विश्लेषण आणि तक्ते यांच्या कोडच्या स्वतंत्र फाइली, आणि त्या क्रमाने चालवणारी एक मुख्य फाइल. एक्सेलमध्ये हाताने केलेल्या बदलांचा माग राहत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या 2010 च्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून 5 देश सुटले होते. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ स्प्रेडशीट मिळवून ते शोधून काढलं. सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्के छापली होती, ती 2.2 टक्के निघाली. (वगळलेली माहिती आणि भारांकनाची (कोणत्या देशाला किती वजन द्यायचं याची) पद्धत यांचाही त्यात मोठा वाटा होता.)

सत्र सुरू असताना हे सगळं मागे पडतं. शक्य असेल तर पुढच्या वर्षी तोच कोर्स मागून घ्या, तयारीचा वेळ वाचतो. आठवड्यातल्या 2 सकाळी निबंधासाठी राखा, उत्तरपत्रिका दुपारी. पदव्युत्तर वर्गाला तुमचाच कोड चालवायला द्या: विद्यार्थी खरं संशोधन शिकतात आणि फाइल कुठे अडते तेही कळतं.

समीक्षकांचे शेरे आले की 2 दिवस उत्तर लिहू नका. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून खाली उत्तर आणि सुधारित प्रतीतला पान क्रमांक द्या. मुद्दा पटला नाही तर वादापेक्षा नवा तक्ता जास्त बोलतो. नकार आला तरी दाखवलेल्या चुका सुधारूनच निबंध पुढच्या जर्नलला पाठवा; एकेका विषयातले जाणकार मोजकेच असतात आणि तोच समीक्षक पुन्हा समोर येऊ शकतो.