रिलीज लांबणार आहे? कस्टमरला फोन लावायच्या आधी एवढं करा

1 एप्रिलला बिलिंग सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन देतो म्हणून सांगून ठेवलंय आणि आता ते होत नाहीये, तर आधी टीमला घेऊन बसा आणि नक्की काय राहिलंय ते काढा. "जवळजवळ झालंय" हे उत्तर घेऊ नका. बिल बनतंय का, प्रिंट निघतेय का, ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा नंबर) येतोय का, एकेक करून विचारा. जे चालतंय तेवढं आधी देता आलं तर बघा. सॉरी म्हणायला सगळ्यांना येतं, ते सोडा.

मग सांगायचं कोणाला. शेठजींना सांगितलं म्हणजे दुकानात कळलं असं होत नाही, बिलं करणाऱ्या मुनीमजींना वेगळा फोन करा! मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. इंदूरच्या क्लॉथ मार्केटमधल्या शेठजींना मेसेज गेला, ब्ल्यू टिक आल्या, आम्ही निवांत, आणि तिकडे मुनीमजी नवीन व्हर्जन आलं की एकदम चढवू म्हणून कच्च्या चिठ्ठ्या लिहीत बसले. माल बांधून तयार, पण राज्याबाहेर 50,000 रुपयांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय (माल नेताना लागणारा जीएसटीचा परवाना) निघत नाही, आणि ते बनवायला आधी पक्कं बिल तर हवं ना. म्हणून मुनीमजींना फोन, आणि फोनवर काम सांगायचं: जुन्याच व्हर्जनमध्ये 1 एप्रिलपासून नवी सिरीज सुरू करा, बिल नंबर 16 अक्षरांच्या आत ठेवा, काही थांबवू नका. तिथल्याच सियागंज बाजारात तर एकेका पेढीवर दोन-दोन जण बिलं करतात, दोघांनाही सांगा.

नवी तारीख पक्की नसेल तर देऊच नका, त्याऐवजी "शुक्रवारी संध्याकाळी फोन करतो" म्हणा, आणि सांगायला काही नसलं तरी त्या शुक्रवारी फोन कराच, कारण तो चुकला की पुढच्या कुठल्याही तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही. तारीख ठरवाल तेव्हा 11 आणि 20 च्या आसपास नको. 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 20 ला 3बी (टॅक्स भरायचं रिटर्न), त्या दिवसांत दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांकडे आणि त्यांच्या सीएकडे कोणाला मान वर करायला वेळ नसतो. ज्यांचा टर्नओव्हर 5 कोटींच्या वर आहे त्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यांना सगळ्यात आधी फोन लावा.

नाराज शेठजींना खूश करायला "मोबाईल ॲप पण देतो भिया" असलं काही बोलू नका. रोडमॅपमध्ये (पुढे काय-काय देणार त्या यादीत) सध्या काय चालू आहे, त्यानंतर काय आणि पुढे कधीतरी काय एवढंच ठेवा, लांबच्या गोष्टींना तारखा नकोत. सेल्सवाल्यांच्या फोनमधली रोडमॅपची जुनी पीडीएफ आजच डिलीट करायला लावा, ते अजून तीच दाखवत फिरत असतात.

फोन झाला की तेच हिंदीत चार ओळींत लिहून पाठवा, शेठजींना आणि मुनीमजींना, परत सांगतो, मुनीमजींनाही. रिलीजच्या आदल्या रात्री बॅकअप. सपोर्टला एक माणूस जास्त. शनिवारी रिलीज नको.