बोबड्या बोलांची वही कशी ठेवावी

दोन-अडीच वर्षांचं मूल दिवसातून एकदा तरी असं काही बोलतं की पोळ्या लाटणाऱ्या आईचं लाटणं मध्येच थांबतं. रात्री बाबा विचारतात, "आज काय म्हणाली?" आणि आईला एवढंच आठवतं, की खूप हसू आलं होतं. नेमके शब्द तवा उतरवेपर्यंतच गेलेले असतात. फोनमध्ये फोटो हजारोंनी साठतात, पण "मी साला जाते" हे वाक्य कुठल्याच फोटोत नसतं. त्यासाठी वही लागते.

वही कोणती, कुठे

ए-५ आकाराची, शिवलेली, दोनशे पानी साधी वही घ्या. स्पायरलची नको, तिची पानं मुलंच काढतात. सुंदर, जाड कव्हरची डायरीही नको. तिच्यात लिहायला अक्षर चांगलं हवं, सुचलेलं चांगलं हवं असं वाटायला लागतं आणि ती कोरी राहते. वही फ्रिजवर ठेवा. गमतीजमती होतात त्या ओट्यापाशी, न्हाणीघराच्या दारात आणि बाहेर निघताना चपला घालताना. शेल्फवरच्या वहीपर्यंत कोण जाणार? दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवा. जेल पेनची शाई ओला हात लागला की पसरते, पेन्सिल पसरत नाही.

हात कणकेत असतील तेव्हा फोनवर स्वतःलाच आवाजी निरोप पाठवा. त्यात मुलाची नक्कल करू नका. काय झालं, कोण काय म्हणालं हे सपाट आवाजात सांगा. आपली नक्कल आठवड्याभराने ऐकली की मूळ शब्द कोणता आणि आपला अभिनय किती, हे आपल्यालाच कळत नाही.

नोंद कशी लिहायची

पाच गोष्टी हव्यात: तारीख, वय (वर्षं आणि महिने), आजूबाजूला कोण होतं, आधी काय घडलं किंवा कोण काय म्हणालं, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. अशी:

"१४ जुलै. २ व. ७ म. दुपार. आजोबा आरामखुर्चीत. आजी: 'हळू बोल, आजोबांचा डोळा लागलाय.' ती जवळ गेली, वाकून बघितलं. 'कुथे लागला? फू कलू?'"

यातलं आजीचं वाक्य काढून बघा. उरतं ते एक गोड बाळ, गंमत गेली. बहुतेक नोंदी इथेच फसतात. मुलाचं वाक्य लिहिलं जातं, पण ते ज्याचं उत्तर होतं ते मोठ्यांचं वाक्य राहून जातं. खरं तर निम्मे विनोद आपल्याच बोलण्याची परतफेड असतात. आई दिवसातून दहा वेळा "थांब जरा, मला दोनच हात आहेत" म्हणते आणि एक दिवस खेळणी आवरायला सांगितल्यावर तेच वाक्य तितक्याच कातावलेल्या सुरात परत येतं. तेव्हा स्वतःचं वाक्यही लिहा, ते शोभणारं नसलं तरी.

लिहायला उशीर झाला की मन इस्त्री करायला लागतं. "बाबा गाडी भूर" याचं संध्याकाळपर्यंत "बाबा गाडीतून भूर गेले" होतं. दहा मिनिटांत लिहिलंत तर शब्द खरे राहतात. त्यानंतर लिहिलेल्या नोंदीपुढे "आठवून" असं लिहा, म्हणजे वर्षांनी वाचताना फसगत होत नाही.

उच्चार कसा उतरवायचा

देवनागरीत ऐकलं तसं लिहिता येतं, ही मोठी सोय आहे. ती वापरा, शुद्धलेखन विसरा. क आणि ग या जिभेच्या मागच्या भागाने काढायच्या ध्वनींऐवजी बरीच मुलं आधी त आणि द काढतात, म्हणून काकाचा "ताता" आणि गाडीची "दाडी" होते. र चा ल किंवा य होतो. जोडाक्षरातला एक गडी बाद होतो: प्रसाद "पसाद". लांब शब्दात अक्षरं जागा बदलतात: चमच्याचा "मचमा", जिलबीची "जिबली".

ळ बहुतेकांना उशिरा जमतो, आणि मराठी घरातली सगळ्यात मोठी करमणूक त्यामुळेच होते. शाळेची "साला" झाली की पाहुण्यांसमोर काय होतं ते सांगायला नको. केळ्याचं "केलं" होतं, आणि मग "मी केलं!" ऐकून आईने फळाची परडी बघायची की पँट, हा खरा प्रश्न असतो. अशा नोंदीला कंसात अर्थ लिहिलाच पाहिजे: (केळं). आज अगदी स्पष्ट वाटणारा शब्द चार वर्षांनी कोणालाही लागत नाही.

एक बारकावा: चहातला च वेगळा आणि चाकातला च वेगळा, अक्षर मात्र एकच. मूल "चाक" म्हणताना चहातला च काढत असेल तर "च्याक" असं लिहा, नाहीतर नोंदीत काहीच वेगळं दिसणार नाही.

कान कशाकडे ठेवायचा

बोबडेपणा पहिल्यांदा कानात भरतो, पण वहीतली खरी दौलत व्याकरणाच्या चुकांत असते. "मी करलं", "बाबा येला", "मुंगी मरली", "आजीने देला". या चुका वाटतात तशा नाहीत. मूल आधी "केलं" बरोबर म्हणतं, कारण तो शब्द त्याने अख्खा उचललेला असतो. मग त्याला नियम सापडतो: बसणे-बसलं, पडणे-पडलं, हसणे-हसलं. त्या आनंदात ते नियम सगळीकडे लावतं आणि करणे-करलं होतं. म्हणजे कालपर्यंत "केलं" म्हणणारी मुलगी आज "करलं" म्हणाली, तर ती मागे गेलेली नाही, पुढे गेलेली आहे. पहिलं "करलं" कोणत्या तारखेला आलं आणि शेवटचं कधी, हे आवर्जून लिहा. शेवटचं कळायला कठीण असतं, कारण ते शेवटचं आहे हे तेव्हा माहीत नसतं.

दुसरी जागा म्हणजे "मी येते" म्हणणारा मुलगा. दिवसभर आई, आजी आणि सांभाळणाऱ्या मावशी यांच्याच तोंडून "मी आले", "मी जेवते" ऐकल्यावर तो दुसरं काय म्हणणार? "मुलगी झालास का?" म्हणून चिडवण्यासारखं त्यात काही नाही, बाबांचं, मामाचं बोलणं जास्त कानावर पडलं की हळूहळू बदलतं. (कोल्हापूरकडे बऱ्याच बायकाच "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. तिथे हा विनोद चालायचा नाही.)

आई नवऱ्याला "अहो" म्हणते त्या घरात मूल एक दिवस बाबांना "अहो" अशी हाक मारतं, तेही जेवायला बोलावताना, तिच्याच सुरात. "आपण" आणि "आम्ही" यांची सरमिसळ होते: "आई, आम्ही बागेत जाऊया." तीन वर्षांच्या मुलाच्या "काल" मध्ये सकाळपासून गेल्या दिवाळीपर्यंत सगळं मावतं. परवा हा शब्द तर मोठ्यांनीच दोन्ही दिशांना वापरला आहे, तेव्हा तिथे मुलाला दोष देऊ नये.

वाक्प्रचारांचं जे होतं ते वरच्या नोंदीत आलंच. "डोकं फिरलंय", "पोटात कावळे ओरडतायत", "कान उपटीन" ही वाक्यं घरात पडली की पुढची पाच मिनिटं वही जवळ ठेवा.

वहीच्या शेवटची दहा पानं घरच्या शब्दकोशासाठी राखा. मम, भूर, बाऊ, माऊ, गाई गाई हे तर सगळ्यांचेच आहेत. तुमच्या घरात मुलाने स्वतः पाडलेले शब्द तिथे लिहा. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या बाळपणीच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या, त्या १८७७ मध्ये छापून आल्या. त्याच्या मुलाने बरोबर एक वर्षाचा असताना खाण्यासाठी स्वतःचा शब्द शोधला, असं त्यात आहे. तो शब्द होता "मम". मराठी आजीने ऐकलं असतं तर त्यात शोधण्यासारखं काय, असं विचारलं असतं.

परदेशात किंवा इंग्रजी पाळणाघरात वाढणारी मुलं "मी फॉल झाले" म्हणतात. ते तसंच लिहा, मराठीत भाषांतर करू नका. दोन भाषांची अशी मिसळ दोन्ही भाषा शिकणारं मूल करतंच, ते बिघडल्याचं लक्षण नाही.

हसायचं कधी, गप्प कधी बसायचं

हसू आलं तर हसा, पण "परत म्हण, काकूंना म्हणून दाखव" हे टाळा. दुसऱ्यांदा म्हटलेलं वाक्य नाटकातलं असतं. तरी कोणी म्हणवून घेतलंच, तर नोंदीत "फर्माइशीवरून" लिहा.

शिवी किंवा कानावर पडलेला भलता शब्द आला तर चेहरा कोरा ठेवा आणि गॅसकडे वळा. दोन वर्षांच्या मुलाला अर्थ कळत नाही, हशा कळतो. एकदा हशा मिळाला की तो शब्द सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत टिकतो. वहीत मात्र लिहा. भीतीने, रडताना किंवा अडखळत बोललेल्यावर हसू नका. दोन ते पाच वर्षांत बरीच मुलं काही काळ अडखळतात. "म-म-मला" ही विनोदाची नोंद नव्हे.

चूक सुधारायला थांबवू नका. "मी करलं" ला "हो, तूच केलंस!" एवढं उत्तर पुरतं: बरोबर रूप कानावर जातं आणि गप्पाही तुटत नाहीत. "करलं नाही, केलं म्हण, म्हण बघू" असं दोनदा झालं की मूल गप्प होतं, आणि वहीही.

आठवड्याचं काम

रविवारी दहा मिनिटं काढून फोनमधले निरोप वहीत उतरवा. नोकरी करणाऱ्या आईने न्यायला जाताना मावशींना किंवा पाळणाघरातल्या ताईंना "जेवली का?" सोबत "आज काय म्हणाली?" हेही विचारावं. निम्मा माल तिथे असतो. त्यांच्याकडून आलेल्या नोंदीपुढे त्यांचा उल्लेख ठेवा.

दोन मुलं असतील तर दोन वह्या करू नका. पहिल्याची वही भरते, दुसऱ्याची सतराव्या पानावर थांबते आणि ते मोठेपणी ऐकवलं जातं. एकाच वहीत दोघांची आद्याक्षरं घाला. तसंही भावंडांचे आपापसातले संवाद सगळ्यात चांगले असतात, ते अर्धे अर्धे दोन वह्यांत वाटता येत नाहीत.

वर्षातून एकदा पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. पावसाळ्यात वही भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवलीत तर ओल धरते.

या वहीचा एक गंभीर उपयोगही आहे. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूदू दे" असे दोन शब्द जोडलेले नाहीत, किंवा येत असलेले शब्द बंद झाले, असं पानांवर दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि वही सोबत न्या. "तसा बोलतो थोडं थोडं" यापेक्षा तारखा घातलेलं पान त्यांना जास्त उपयोगी पडतं.

कोणाला दाखवायची

नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी एवढं बघा: हेच वाक्य हे मूल बारा वर्षांचं असताना त्याच्या वर्गमित्राने वाचलं तर चालेल का? शी-शू, अंघोळ, आजारपण, शाळेचं नाव आणि घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल मुलाने फोडलेलं गुपित वहीतच राहू द्या. आत्याच्या स्वयंपाकाबद्दलचं मुलाचं मत कितीही अचूक असलं तरी.

साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर मूल स्वतःच "माझी वही वाच" म्हणून मागे लागतं. तेच पान सलग आठ रात्री वाचावं लागतं. मग कधीतरी एखाद्या नोंदीवर बोट ठेवून ते म्हणतं, "हे खोड." खोडू नका आणि वादही घालू नका. पान आतल्या बाजूला दुमडा, कडेला स्टेपलर मारा आणि वर त्याच्याच हाताने लिहून घ्या: "उघडू नये." स्पेलिंग तपासू नका. तारीख घाला, वय लिहा, तीही नोंदच आहे.