ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत समानार्थी शब्दांचे गट बांधायला बसताय? आधी हे करा

गट म्हणजे, त्यातला कोणताही शब्द शोधला तरी बाकीच्या शब्दांची पुस्तकंही सापडावीत. संगणक, चहा, शांत कोपरा हे सांगायला नको. मूळ सूचीची एक प्रत वेगळी काढून ठेवा. मी ठेवली होती, म्हणून निभावलं.

सुरुवात टोपणनावांपासून करा. गडकरी, गोविंदाग्रज, बाळकराम एका गटात, शिरवाडकर-कुसुमाग्रज दुसऱ्या, खानोलकर-आरती प्रभू तिसऱ्या. 'अनिल' आणि 'बी' मात्र फक्त लेखकाच्या रकान्यात जोडा, नाहीतर बी-बियाण्यांवरचं पुस्तक शोधणाऱ्यापुढे नारायण मुरलीधर गुप्ते यांच्या कविता येतील. केशवसुत म्हणजे दामले, केशवकुमार म्हणजे अत्रे. हसू नका, आमच्याकडे दोघे महिनाभर एकाच गटात नांदले.

आता ऱ्य. हे वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'शेतकऱ्यांची चळवळ' आणि 'शेतकर्‍यांची चळवळ'. दिसतोय फरक? मलाही नव्हता दिसला. एकच विषय चुकून दोनदा आलाय असं समजून मी गटातली एक ओळ उडवली. पहिल्यात युनिकोडचा (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ऱ आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक. आपल्याला एकच शब्द, संगणकाला दोन. जुन्या नोंदी एका कळफलकावर झालेल्या, नव्या दुसऱ्यावर. ओळ गेली तशी जुनी पुस्तकं शोधातून गायब. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा शेवटी पुस्तकच हातात घेऊन आले: "हे कपाटात आहे आणि तुमचा संगणक नाही म्हणतो!"

कुणी म्हणेल, नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) चालवा, सगळं सरळ होईल. नाही होत. त्याने नुक्तावाला र (र आणि खालचं टिंब वेगवेगळं साठवलेला) आणि ऱ एक होतात. जोडकवाला तसाच राहतो. तो शोधून वेगळा बदलावा लागतो. किनाऱ्या, ताऱ्या, कुऱ्हाड, सगळीकडे. 'ॲ' चंही तेच दुखणं. म्हणून दिसायला सारखी ओळ उडवू नका. पुन्हा सांगतो, उडवू नका.

गावं: औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद-धाराशिव (२०२३), अहमदनगर-अहिल्यानगर (२०२४). प्रकाशनस्थळ पुस्तकावर छापलंय तेच राहू द्या, नवं नाव गटात. नुसतं 'नगर' घालू नका, शहरातल्या निम्म्या सोसायट्या येतील.

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची 'नाहीं', 'कांहीं' ही शीर्षकं दुरुस्त करायची नाहीत, आजचं रूप मागे जोडायचं.

टीबी, क्षय, राजयक्ष्मा एकच. शेती आणि फळबागा एक नाहीत, तिथे 'हेही पहा' पुरे.

शेवटी तपासणी. दहा शब्द घ्या, निम्मे ऱ्य-ऱ्हवाले, एकदा फोनवरून, एकदा टेबलावरच्या संगणकावरून. कऱ्हाडपासून सुरू करा. त्या गटात कराड धरून तीन रूपं हवीत, दिसतील दोनच.