‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’पुढे ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ : या चुका टाळा

‘दिस इज द फॉर्म व्हिच यू मस्ट साइन इट.’ ऑफिसचे ईमेल, सोसायटीच्या नोटिसा, नोकरीचे अर्ज, कुठेही बघा, वाक्याच्या शेवटी हे ‘इट’ हमखास सापडतं. लिहिणाऱ्याला ‘मस्ट’चा अर्थ माहीत असतो, ‘व्हिच’ कुठे लावायचं तेही ठाऊक असतं. तरी वाक्य चुकतं, कारण त्याची बांधणी मराठी असते.

आपण एखाद्या नामाबद्दल जास्तीची माहिती देताना जोडी वापरतो: जो–तो, जी–ती, जिथे–तिथे. ‘ज्याचं जळतं, त्याला कळतं’ यातलं ‘त्याला’ काढून बघा, म्हण लंगडी पडते. इंग्रजीत अशी जोडी नाही. तिथे नाम आधी येतं, त्याला लागून वर्णन करणारा रिलेटिव्ह क्लॉज येतो आणि त्या क्लॉजमध्ये नामाची मूळ जागा रिकामी ठेवलेली असते. आपल्याला ती जागा मोकळी बघवत नाही, म्हणून आपण तिथे ‘इट’, ‘हिम’ किंवा ‘देम’ आणून ठेवतो.

यावर दहा नियम पाठ करण्यापेक्षा मी एकच तपासणी सुचवेन. क्लॉज सुटा काढा. त्यात नाम परत घालून साधं, पूर्ण वाक्य करा. मग त्यातून फक्त नाम काढा आणि बाकी कशालाही हात लावू नका. ‘यू मस्ट साइन द फॉर्म’ यातून ‘द फॉर्म’ काढला की ‘यू मस्ट साइन’ उरतं. तेच नामामागे लावायचं: ‘द फॉर्म दॅट यू मस्ट साइन’. ‘इट’ला जागाच उरत नाही.

नाम कर्ता असेल तरी हीच तपासणी चालते. ‘द क्लार्क हू ही कॅन हेल्प यू’ असं लिहिलेलं दिसतं. मूळ वाक्य ‘द क्लार्क कॅन हेल्प यू’. क्लार्क काढला की ‘कॅन हेल्प यू’ उरतं आणि कर्त्याच्या जागी ‘हू’ बसतं. ‘ही’चं काम संपलं. इथे मात्र ‘हू’ गाळता येत नाही. ‘द फॉर्म यू मस्ट साइन’ चालतं, पण ‘द क्लार्क कॅन हेल्प यू इज ऑन लीव्ह’ चालत नाही. वाचणारा ‘क्लार्क तुम्हाला मदत करू शकतो’ इथवर वाक्य पूर्ण झालं असं समजतो आणि पुढच्या ‘इज’ला अडखळतो.

प्रिपोझिशन कुठे जातं?

सगळ्यात चिवट चूक म्हणजे ‘टू’, ‘ऑन’सारखं प्रिपोझिशन गाळणं. ‘ही इज द ऑफिसर यू शुड टॉक.’ इंग्रजी चांगलं असणारी माणसंही असं लिहितात. ‘ज्यांच्याशी तुम्ही बोलायला हवं’ यातला ‘शी’ आपल्याकडे ‘ज्यांच्या’लाच चिकटलेला असतो. इंग्रजी करताना ‘हूम’ गाळलं की त्याच्यासोबत ‘शी’ही गळून पडतो. आता तपासणी करा: ‘यू शुड टॉक टू द ऑफिसर’. नाम काढलं, ‘टू’ तिथेच राहिलं. म्हणून ‘द ऑफिसर यू शुड टॉक टू’. तसंच ‘अ चेअर यू कॅन सिट ऑन’, ‘द अकाउंट यू शुड ट्रान्सफर द मनी टू’.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवणं अशुद्ध, असं अनेकांना शाळेत शिकवलेलं असतं, म्हणून ते जाणूनबुजून ‘टू’ खोडतात. हा आक्षेप जुना आहे. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीवर तो घेतला होता. इंग्रजी बोलणारे त्याआधीही तसं बोलत होते आणि आजही बोलतात. शेवटी ‘टू’ ठेवण्यात काहीही गैर नाही, तो खोडण्यात मात्र नक्की आहे. अगदी औपचारिक पत्र असेल तर ‘द ऑफिसर टू हूम यू शुड स्पीक’ लिहा. पण दोन्ही टोकांना ‘टू’ नको आणि ‘टू हू’ही नको.

उलटी चूकही होते: ‘द इश्यूज वी मस्ट डिस्कस अबाउट’. ‘डिस्कस’ला मुळात प्रिपोझिशनच लागत नाही, त्यामुळे क्लॉजमध्येही ते येणार नाही. म्हणजे तपासणी तुमच्या क्रियापदाच्या ओळखीइतकीच भरवशाची. शंका आली तर शब्दकोशात त्या क्रियापदाखालचं उदाहरण बघा, नुसता अर्थ बघून थांबू नका.

प्रश्नाचा क्रम वर्णनात

‘द प्लेस व्हेअर कॅन वी पार्क.’ ‘व्हेअर’, ‘हू’, ‘व्हिच’ हे शब्द आपल्याला शाळेत आधी प्रश्नार्थक म्हणून भेटतात, त्यामुळे ते दिसले की पुढे ‘कॅन वी’ आपोआप येतं. प्रश्न विचारताना ‘व्हेअर कॅन वी पार्क’ बरोबर आहे. जागेचं वर्णन करताना कर्ता आधी, मोडल (म्हणजे ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’सारखं सहायक क्रियापद) नंतर: ‘द प्लेस व्हेअर वी कॅन पार्क’.

नोटिशीतलं ‘मस्ट सबमिट’

ही नोटीस जवळून बघू: ‘ऑल मेंबर्स शुड ब्रिंग द डॉक्युमेंट्स व्हिच मस्ट सबमिट बिफोर फ्रायडे.’ क्लॉज सुटा करून नाम परत घाला: ‘द डॉक्युमेंट्स मस्ट सबमिट’. कागदपत्रं काही सादर करत नाहीत, ती सादर केली जातात. मग हे वाक्य सुचतं कसं? ‘जी कागदपत्रं शुक्रवारच्या आत सादर करायची आहेत’ या मराठी वाक्यात कोण सादर करणार ते दिसतच नाही आणि ‘करायची आहेत’ हे क्रियापद कागदपत्रांप्रमाणे चालतं. त्यामुळे कागदपत्रं म्हणजेच कर्ता, असा भास होतो. ‘मला जी पुस्तकं वाचायला हवीत’ यातही तेच: खरा कर्ता ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि ‘हवीत’ पुस्तकांशी जुळतं. त्यातून ‘द बुक्स व्हिच शुड रीड’ तयार होतं.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. ‘व्हिच मस्ट बी सबमिटेड’ किंवा ‘दॅट यू मस्ट सबमिट’. नोटिशीत मला दुसरी जास्त पसंत आहे, कारण काम कोणी करायचं ते त्यात स्पष्ट होतं. सरकारी पत्रव्यवहारात पहिली रुळलेली आहे, तिथे ती ठेवावी.

‘स्पीक्स’ आणि ‘टू’

‘अ पर्सन हू कॅन स्पीक्स मराठी’ यातला ‘स’ शाळेच्या घोकंपट्टीतून येतो: ‘ही’, ‘शी’ आलं की क्रियापदाला ‘स’. मोडल असेल तर तो कुठेच लागत नाही, ‘कॅन’लाही नाही आणि पुढच्या क्रियापदालाही नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही जुन्या इंग्रजीच्याही आधी मुळात भूतकाळाची रूपं होती, ती वर्तमानकाळासाठी वापरात आली. भूतकाळाच्या रूपाला ‘स’ लागत नाही, म्हणून ती आजही त्याविना आहेत. ‘हू मस्ट टू पे’ यातला ‘टू’ही काढा, तो ‘हॅव टू’ आणि ‘ऑट टू’बरोबर शोभतो. ‘हू विल कॅन’ नाही, ‘हू विल बी एबल टू’. दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत.

काळ बदलला की

‘द वर्क आय मस्ट डू यस्टर्डे’ चूक. ‘मस्ट’ भूतकाळातल्या सक्तीसाठी चालत नाही, तिथे ‘आय हॅड टू डू’. एखादी गोष्ट व्हायला हवी होती पण झाली नाही, तर ‘द लेटर दॅट शुड हॅव रीच्ड अस लास्ट वीक’. पत्र एकच आहे म्हणून ‘शुड हॅज’ करू नका, मोडलनंतर ‘हॅव’च.

‘कुड’ जरा नाजूक आहे. ‘माय ग्रँडफादर, हू कुड स्पीक फोर लँग्वेजेस’ बरोबर, कारण ती कायमची क्षमता होती. पण ‘द गर्ल हू कुड पास द एक्झाम लास्ट इयर’ वाचून ती पास झाली की नुसती होऊ शकली असती, हे कळत नाही. एकदाच घडलेलं यश सांगायचं तर ‘हू वॉज एबल टू पास’, नाहीतर सरळ ‘हू पास्ड’. नकारात हा घोळ नाही: ‘द गर्ल हू कुडन्ट पास’ एकदाच घडलेल्या गोष्टीसाठीही चालतं.

‘द मीटिंग व्हिच वुड बी हेल्ड ऑन संडे’ हे आपल्याकडे फार दिसतं. ‘वुड’ नम्र वाटतं म्हणून लोक ते वापरतात. पण बाहेरच्या वाचकाला त्यात अट ऐकू येते: काहीतरी जमलं तर मीटिंग होईल. मीटिंग ठरलेली असेल तर ‘विल बी हेल्ड’ लिहा. नम्रता ‘प्लीज’ने दाखवता येते.

स्वल्पविराम

पत्र पाठवण्याआधी शेवटचं बघायचं ते हे. ‘द कँडिडेट्स हू कॅन जॉइन इमिजिएटली विल बी कॉल्ड फॉर द इंटरव्ह्यू.’ जे लगेच रुजू होऊ शकतात, त्यांनाच बोलावणं. याच वाक्यात ‘कँडिडेट्स’नंतर आणि ‘इमिजिएटली’नंतर स्वल्पविराम घातले तर अर्थ होतो की सगळेच उमेदवार लगेच रुजू होऊ शकतात आणि सगळ्यांनाच मुलाखतीला बोलावलं जाईल. असे स्वल्पविराम असतील तिथे ‘हू’च्या जागी ‘दॅट’ चालत नाही. तुम्हाला निवडक उमेदवारच हवे असतील, तर दोन्ही स्वल्पविराम काढा.