पॅरिसजवळचं प्रोव्हँ: मध्ययुगीन जत्रांच्या गावाची एक दिवसाची सहल कशी आखावी

पॅरिसच्या आग्नेयेला साधारण ८० किलोमीटरवर प्रोव्हँ नावाचं गाव आहे. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपभरचे व्यापारी इथे जत्रांसाठी जमायचे. तटबंदी, बुरूज, लाकडी चौकटींची घरं आणि जमिनीखालचे बोगदे यांसह ते गाव आजही उभं आहे, आणि २००१पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पॅरिसहून सकाळी निघून रात्री परत येता येतं, तेही शहरातल्या लोकल तिकिटावर.

नकाशावर शोधताना आधी एक खात्री करा. दक्षिण फ्रान्समधला लव्हेंडरच्या शेतांचा प्रोव्हाँस हा प्रांत वेगळा. हॉटेल किंवा ट्रेन शोधताना ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. तुम्हाला हवं आहे ते सेन-ए-मार्न जिल्ह्यातलं प्रोव्हँ.

दिवस कोणता निवडावा

इथली सहल फसते ती बहुतेक वेळा चुकीच्या दिवसामुळे. एप्रिल ते ऑक्टोबर हा खरा हंगाम. या काळात स्मारकं सकाळपासून उघडी असतात आणि तटाजवळ शिकारी पक्ष्यांचा आणि घोडेस्वार योद्ध्यांचा असे दोन मोठे खेळ होतात. नोव्हेंबर ते मार्च हे खेळ जवळपास बंद असतात, बहुतेक स्मारकं दुपारीच उघडतात आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारून येतं. हिवाळ्यात गेलात तर रिकाम्या गल्ल्या आणि शांत तट मिळतील, पण आतून बघायला जेमतेम तीन तास हाताशी राहतील.

आठवड्यातला सगळ्यात चांगला वार शनिवार, कारण सकाळी खालच्या गावात आठवडी बाजार भरतो. सोमवार शक्यतो टाळा. फ्रान्समधल्या छोट्या गावांत रविवारी दुपारी आणि सोमवारी बरीच दुकानं, बेकऱ्या आणि खानावळी बंद असतात. जूनमध्ये एका शनिवार-रविवारी मोठा मध्ययुगीन महोत्सव असतो आणि गावकरी, पाहुणे जुन्या पोशाखात फिरतात. वातावरण झकास असतं, पण गर्दी प्रचंड असते आणि वरच्या गावात शिरायलाच तिकीट लागतं. वास्तू निवांत पाहायच्या असतील तर तो आठवडा सोडा. तो माहोलच अनुभवायचा असेल तर तिकीट आगाऊ काढा.

तारीख ठरवण्याआधी पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी बघून लिहून ठेवा: भुयारांच्या मार्गदर्शित फेऱ्यांच्या वेळा, दोन्ही खेळांच्या वेळा आणि सेझार बुरुजाची शेवटच्या प्रवेशाची वेळ. या तीन वेळा पक्क्या असतात, बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवता येतं. उलट केलंत, म्हणजे आधी ट्रेन धरली आणि वेळा तिथे जाऊन विचारल्या, तर भुयार किंवा खेळ यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं.

तिकीट आणि ट्रेन

पॅरिसच्या 'गार द लेस्त' स्टेशनवरून 'पी' लाइनची गाडी पकडायची. प्रवास सुमारे दीड तासाचा आहे आणि गाडी साधारण तासाला एक. याच लाइनवर मो, शातो-तिएरी, कुलोमिए अशा वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या सुटतात, त्यामुळे नुसतं 'पी' अक्षर पाहून चढू नका. फलकावर शेवटचं स्टेशन 'प्रोव्हँ' असल्याची खात्री करा.

प्रोव्हँ हे इल-द-फ्रान्सच्या (पॅरिस आणि भोवतालचा प्रदेश) पाचव्या झोनमध्ये येतं. १ जानेवारी २०२५पासून या संपूर्ण प्रदेशात मेट्रो-ट्रेनचं एकेरी तिकीट एकाच दराचं झालं. तेव्हा ते २.५० युरो होतं आणि दर जानेवारीत त्यात थोडा बदल होतो. हे तिकीट नाव्हिगो ईझी कार्डावर भरतात. कार्ड माणशी एक लागतं, चौघांचं कुटुंब एकाच कार्डावर आत जाऊ शकत नाही. येण्या-जाण्याची दोन्ही तिकिटं पॅरिसमध्येच भरून ठेवा. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून शेवटच्या टेकवण्यापर्यंत तिकीट दोन तास चालतं. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाहून मेट्रोने येऊन गार द लेस्तवर अर्धा तास गाडीची वाट पाहत बसलात तर वेळ काठावर येते. सोमवार ते रविवार चालणारा सर्व झोनचा साप्ताहिक नाव्हिगो पास असेल तर वेगळं तिकीटच नको.

शनिवार-रविवारी आणि रात्री उशिरा रुळांच्या कामांमुळे काही गाड्या रद्द होऊन त्याऐवजी बस धावतात आणि बसला बराच जास्त वेळ लागतो. आदल्या संध्याकाळी इल-द-फ्रान्स मोबिलिटे या तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या अ‍ॅपवर येण्या-जाण्याची तारीख टाकून बघा. परतीच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा.

भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसाबद्दल थोडक्यात: शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर वेळ मिळणं अवघड होतं, तेव्हा फेब्रुवारीतच कामाला लागा.

गावात फिरण्याचा क्रम

प्रोव्हँ दोन भागांत आहे. स्टेशन, बाजार आणि नद्या खालच्या गावात, तट आणि बुरूज टेकडीवरच्या गावात. पर्यटन कार्यालय मात्र वरच्या गावाच्या पार पलीकडे, सँ-झां दरवाज्याच्या बाहेर आहे, गाडीने येणाऱ्यांच्या सोयीचं. ट्रेनने आलेले लोक तिकिटासाठी तिथवर चालत जातात, मग मागे फिरतात आणि दिवसाचा पाऊण तास वाया घालवतात. चार ठिकाणांचा एकत्रित 'पास प्रोव्हँ' (सेझार बुरूज, भुयारं, धान्यकोठार, संग्रहालय) स्मारकांवरही मिळतो. पहिल्या ठिकाणी तोच घ्या.

स्टेशनवरून आधी सँ-तायूल चर्चकडे जा. बाराव्या शतकातल्या मुख्य दारावरच्या काही मूर्ती नष्ट झाल्या होत्या. त्यांच्या जागी १९८०च्या दशकात शिल्पकार जॉर्ज जांक्लो यांनी कांस्याच्या आकृती घडवल्या. जुना झिजलेला दगड आणि नवं कांस्य शेजारी-शेजारी दिसतं. दुरुस्तीचा इतका प्रामाणिक नमुना क्वचित सापडतो, त्यामुळे दारापाशी पाच मिनिटं थांबाच.

तिथून र्यू सँ-तिबो या चढाच्या रस्त्याने वर निघा. स्टेशनपासून वरच्या चौकापर्यंत न थांबता पंचवीस मिनिटं लागतात. चढ खडा आहे आणि फरसबंदी उंचसखल, म्हणून गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. लहान चाकांची बाबागाडीही इथे नकोशी होते. भुयारांचं प्रवेशद्वार याच रस्त्यावर, जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत आहे. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, फेरी पाऊण तासाची असते आणि बऱ्याचदा फ्रेंचमध्येच. जूनमध्येही आत १२ अंशांच्या आसपास थंडावा असतो, म्हणून पातळ स्वेटर बरोबर ठेवा. खडूसारख्या मऊ दगडात खणलेल्या या बोगद्यांमधून कापड धुऊन घट्ट करायला लागणारी माती काढत असावेत, असं मानतात. पुढे कोणी ते कोठार म्हणून वापरले, कोणी लपायला. भिंतींवर कोरलेली चिन्हं आणि नावं टॉर्चच्या तिरक्या उजेडात जास्त स्पष्ट दिसतात.

वर शातेल चौकात पोचलात की घरांच्या पायथ्याकडे बघा. बऱ्याच घरांखाली कमानदार तळघरं आहेत आणि त्यांना थेट रस्त्यावरून उतरायच्या पायऱ्या आहेत. जत्रेत व्यापारी इथेच माल ठेवायचे. फ्लँडर्सचं (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) कापड आणि इटलीकरांनी आणलेले मसाले या गल्ल्यांत हातोहात जायचे. त्यातली मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून अलेक्झांड्रिया आणि इटलीमार्गे इथवर यायची. प्रोव्हँ तेव्हा ज्या शाम्पेन्य प्रांतात होतं, तिथल्या सरदारांनी येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना वाटेत संरक्षण दिलं होतं, आणि जत्रा भरभराटीला आल्या त्या या हमीवर. १२७७मध्ये इटलीतल्या जिनोव्हाची जहाजं समुद्रमार्गे थेट फ्लँडर्सला जाऊ लागली. १२८४मध्ये शाम्पेन्यच्या वारसदार राजकन्येचं फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न झालं आणि शाम्पेन्य फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेलं. व्यापार हळूहळू ओसरला आणि पैसा आटल्यामुळे जुनं पाडून नवं बांधायचं कारण उरलं नाही. आज आपल्याला एवढं सगळं दिसतं ते त्यामुळे.

दुपारचं जेवण बारा ते दीडच्या दरम्यान उरका. दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर क्रेपरी (पातळ धिरड्यांसारख्या क्रेपची खानावळ) सगळ्यात सोयीची. गव्हाच्या नव्हे, तर कुट्टूच्या पिठाचा 'गालेत' चीज आणि मशरूम घालून मागा. 'कोंप्लेत' लिहिलेल्या गालेतमध्ये हॅम असतं. सॅलडमध्ये 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात आणि कांद्याचं सूप बहुधा मांसाच्या रश्शात केलेलं असतं. 'सां व्हियांद, सां ज्यांबों, सां प्वासों' (मांस, हॅम आणि मासे नकोत) एवढं म्हणा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर कधीकधी मासा पुढे येतो. ब्री चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारा घटक) असतं, कडक शाकाहारींनी तेही लक्षात घ्यावं.

जेवणानंतर 'ग्रांज ओ दीम' हे धान्यकोठार बघा. तेराव्या शतकात सँ-किरियास चर्चच्या धर्मगुरूंनी ते तुलूझच्या व्यापाऱ्यांना जत्रेसाठी भाड्याने दिलं होतं. आत पुतळ्यांचं प्रदर्शन आहे, पण खरी मजा खालच्या कमानींच्या दालनात आणि खांबांच्या पानाफुलांच्या नक्षीत.

मग सँ-झां दरवाज्यातून बाहेर पडा आणि तटाच्या बाहेरच्या बाजूने, कोरड्या खंदकाकडेने जूई दरवाज्यापर्यंत चाला. आतून तट नुसती भिंत वाटतो. बाहेरून तीच भिंत काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत चढते, आणि बुरूज चौकोनी, गोल, अर्धगोल, नाकासारखे पुढे आलेले असे वेगवेगळे दिसतात. वरच्या गावाभोवती सुमारे १,२०० मीटर तट शिल्लक आहे. पक्ष्यांचा खेळ याच भागात होतो. तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि पास दाखवल्यास सवलत मिळते का ते विचारा. खेळाच्या वीस मिनिटं आधी जागा पकडा, उन्हाळ्यात टोपी आणि पाणी बरोबर असू द्या.

सेझार बुरूज दिवसाच्या शेवटाकडे ठेवा, मात्र बंद होण्याच्या तासभर आधी पोचा. बाराव्या शतकातला हा बुरूज खाली चौकोनी, वर अष्टकोनी आहे. त्याच्या पायथ्याची जाड भिंत इंग्लंड-फ्रान्समधल्या 'शंभर वर्षांच्या युद्धा'त इंग्रजांनी बांधली. जिने अरुंद आणि चक्राकार आहेत, काही ठिकाणी वाकावं लागतं. गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर पहिल्या दालनावरच थांबा, तिथूनही चांगलं दृश्य आहे. अगदी वर घंटा टांगलेल्या आहेत, त्या शेजारच्या सँ-किरियास चर्चच्या. चर्चचा स्वतःचा घंटामनोरा १६८९मध्ये कोसळला, तेव्हापासून त्या इथे आहेत. पैसे संपल्यामुळे हे चर्चही अर्धंच बांधून झालं, आणि सतराव्या शतकातला त्याचा घुमट दगडी अंगावर अनपेक्षित उठून दिसतो.

उतरताना खरेदी करायची असेल तर गुलाबाचा जॅम किंवा गुलाबाचा मध घ्या. प्रोव्हँचा गुलाब मध्ययुगापासून औषधी म्हणून प्रसिद्ध आहे. बाटल्या चेक-इन बॅगेत टाका, कारण हातातल्या बॅगेत जॅम आणि मध द्रव पदार्थांत मोजले जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलात तर बेकरीत 'निफ्लेत' मिळतील. पापुद्र्याच्या पिठाच्या छोट्या टार्ट असतात त्या, मधे कस्टर्ड भरलेलं. अंडं असतं, पण खाणाऱ्यांनी चुकवू नये. बेकरी खालच्या गावात गाठा, दर कमी असतात आणि स्टेशन तिथून जवळ आहे.